धुरपाचा खो

खोत सरांनी माझ्या आईला मैदानाच्या पश्चिमेकडच्या खांबाशी नेऊन उभं केलं आणि म्हणाले, “आक्का, आता तुम्ही म्हणजे शरीर.”

“कुणाचं?” आईनं विचारलं.

“यमूचं.”

आईनं पदर पुढे ओढला. तिच्या खांद्याला बांगड्यांची पिशवी तशीच होती. सरांनी तिला कुणाच्या तरी सोप्यातून, बांगड्या भरता भरता उठवून आणलं होतं. “सर, मला अजून आख्खी गल्ली करायचीय,” ती म्हणाली. “काय सांगायचं ते तोंडानं सांगा की.”

“तोंडानं सांगून झालं. तोंडानं डॉक्टरांनीही सांगितलं. ऐकलंत का तुम्ही?”

आई गप्प झाली. आमच्या तांबवडीत माझ्या आईला गप्प करणारा माणूस शोधून सापडला नसता. ती कासारीण, हात दुसरीचा धरायची आणि तोंड आपलं चालवायची. वडील मी लहान असतानाच गेले होते. तेव्हापासून घरातली बाईही तीच आणि बाप्याही तीच.

मी खांबाच्या बुडाशी उकिडवी बसले होते. माझं हे बसणं हाच तर सगळा घोटाळा होता.

कळायला लागल्यापासून मला थोडं धावलं की खाली बसावं लागायचं. उकिडवं बसून गुडघे छातीशी घेतले की जरा बरं वाटायचं, मग पुन्हा उठता यायचं. दुसऱ्या एखाद्या गावात पोर अशी रस्त्यात, नळावर, प्रार्थनेच्या रांगेत खाली बसायला लागली असती तर लोकांनी तिला दवाखान्यात नेलं असतं. आमच्या गावाला मात्र खो-खोचं वेड. लोक म्हणायचे, “कासारणीची पोर बघा, जाईल तिथं खोची तयारी!” खोत सर तर संघातल्या मुलींना माझ्यासमोर उभं करून सांगायचे, “यमूसारखं बसा. पाठ ताठ, टाचा उचललेल्या, कायम तयार.” माझे ओठ निळसर दिसायचे, तर बायका आईला चिडवायच्या की बांगड्यांचा रंग पोरीच्या ओठाला लागलाय. आईही त्यांच्यात हसायची.

संघात मी टिकले ती धुरपामुळे. धुरपा जाधव माझ्याहून वर्षभरानं मोठी, लांब टांगांची आणि तोंडानं फटकळ. मैदानाच्या मधल्या पाटीवर ती कायम माझ्या शेजारच्या चौकोनात बसायची. मला खो मिळाला की मी उठायची, चार ढांगा टाकायची आणि लगेच तिला खो देऊन तिच्या जागी बसायची. पुढचं सगळं मैदान ती पळायची. लोक म्हणायचे, काय जोडी जमलीय! त्या जोडीत पळणारी एकटीच होती हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं, आणि धुरपानं कधी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

मला आयुष्यात तेव्हा एकच गोष्ट हवी होती. ती मी रोज अंथरुणावर पडल्यावर देवाला सांगायचे, दुसऱ्या कुणाला नाही. एकदा तरी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत मी स्वतः पळायचं. मध्ये कुणालाही खो द्यायचा नाही.

त्या वर्षी शाळेत तपासणीला एक तरुण डॉक्टर आला. त्यानं माझ्या छातीला नळी लावली आणि ती काढायलाच तयार होईना. पुढे मिरजेला नेलं, फोटो काढले. काळजाच्या मधल्या पडद्याला भोक आहे, आणि फुप्फुसांकडे जाणारी वाटही अरुंद आहे, असं निघालं. मुंबईला नेऊन शिवून घ्या, नाहीतर पोर फार वर्षं काढायची नाही. आणि खेळणं आजपासून बंद.

आईनं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाली, “काळीज उघडल्यावर माणूस राहतंय व्हय? जेवढं जगंल तेवढं माझ्याजवळ जगंल.” तिनं विषय तिथंच मिटवला. मी आठ दिवस उंबऱ्यावर बसून मैदानावरचा गलका ऐकत होते. शेवटी सरांनी तिला मैदानावर आणलं. ते आम्हाला विज्ञान शिकवायचे आणि खो-खोही शिकवायचे, त्यामुळे त्यांना एका विषयातून दुसऱ्यात शिरायला वेळ लागत नसे.

त्यांनी मधल्या पाटीच्या दोन्ही अंगांना चुन्यानं दोन-दोन खोल्या आखल्या होत्या. आठवी-नववीच्या सगळ्या मुली कामाला लावल्या होत्या. आठजणी रोजच्यासारख्या पाटीवर बसल्या; ती काळजाची मधली भिंत. धुरपा तिच्यात बरोबर मधोमध. पलीकडच्या खांबाशी एक मुलगी लाल रिबिनींचा ढीग घेऊन उभी होती.

“हे बघा, आक्का,” सर म्हणाले. “या पळणाऱ्या मुली म्हणजे रक्त. तुमच्यापासून, म्हणजे शरीरापासून, रिकाम्या हातानं निघायचं. उजव्या अंगाच्या पहिल्या खोलीत शिरायचं. पुस्तकात तिला कर्णिका म्हणतात. तिथून पुढच्या खोलीत, ती जवनिका. ती आवळली की रक्त निघालं त्या खांबाकडं. तिथं फुप्फुसं. तिथं रिबीन घ्यायची. रिबीन म्हणजे हवा. मग खांबाला वळसा घालून डाव्या अंगानं परत. तिकडंही तसंच, आधी कर्णिका, मग जवनिका, आणि ती जवनिका जोर लावून तुमच्याकडं ढकलणार. तुमच्या हातात रिबीन दिली की पुन्हा फेरी.”

“आणि मधनंच मागं फिरली तर?”

“फिरता येत नाही. खोल्यांच्या दारात या दोघी-दोघी उभ्या आहेत ना, त्या झडपा. पोरगी पुढं गेली की हात धरून दार बंद. खो-खोचाच नियम. दिशा घेतली ती घेतली.”

सरांनी शिट्टी तोंडात धरली. पहिल्या शिट्टीला दोन्ही कर्णिका एकदम रिकाम्या व्हायच्या, दुसऱ्या शिट्टीला दोन्ही जवनिका. डावी-उजवी आगेमागे नाही, एकाच वेळी. सुरुवातीला मुली एकमेकींवर आपटल्या, झडपा झालेल्या दोघी हसत सुटल्या, एक रक्त रडायला लागलं. मग हळूहळू ताल सापडला. टूक-टूक, टूक-टूक. दारं उघडत होती, मिटत होती. रिकाम्या हातांनी मुली जात होत्या आणि रिबीन फडकवत येत होत्या. आईच्या मुठीत रिबिनी मावेनात. तिलाही मजा यायला लागली असावी. “आगं पळ की,” ती एकीवर खेकसली, “काय मुंगीच्या पावलानं येतीस!”

मी बघत होते. माझंच रक्त पळत होतं आणि मी तेवढी बसून होते. माझा जीव असा तुटत होता की त्या पोरींना एकेकीला पाय घालून पाडावं असं वाटलं.

सरांनी शिट्टी थांबवली. “आता यमूचं काळीज. धुरपा, ऊठ, बाजूला हो.”

“मी कशाला?”

“तू मधे आहेस म्हणून. तिथं भोक आहे.”

“मी न्हाई भोक व्हणार,” धुरपा म्हणाली. “दुसरीला उठवा.”

“ऊठ म्हटलं ना!”

ती उठली. माझ्याकडे न बघता चिंचेखाली जाऊन उभी राहिली. सरांनी दोन दांडग्या मुलींना फुप्फुसांच्या वाटेवर खांद्याला खांदा लावून उभं केलं. अंग चोरल्याशिवाय त्यांच्यामधून कुणी जाऊ नये एवढीच फट राहिली. शिट्टी वाजली. उजव्या जवनिकेत मुलींची दाटी झाली. समोरची वाट अडलेली आणि शेजारच्या भिंतीला धुरपाएवढं भगदाड. पहिली मुलगी थोडी घुटमळली आणि भगदाडातून डावीकडे निसटली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. एखाद-दुसरीच कशीबशी फटीतून फुप्फुसांकडे गेली.

पहिली मुलगी धापा टाकत आईपुढे आली. आईनं हात पुढे केला.

“हिच्या हातात काय न्हाई की.”

दुसरी आली. तिसरी आली.

“ह्याबी रिकाम्याच,” आई म्हणाली. “आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार?”

“आड भरलेला आहे, आक्का. ते बघा.” सरांनी पलीकडच्या खांबाकडे बोट केलं. तिथली मुलगी रिबिनींचा ढीग छातीशी धरून नुसती उभी होती. “पोहरा आडापर्यंत जातच नाही.”

आई कितीतरी वेळ त्या ढिगाकडे बघत राहिली. मग खाली माझ्याकडे बघितलं.

“म्हणून बसतीय व्हय ही?”

“म्हणून. असं बसलं की पायांकडची वाट दाबली जाते, मग थोडं जास्त रक्त फुप्फुसांकडं वळतं. तिच्या शरीराला हे कुणी न शिकवता कळलं.” सरांनी शिट्टी खिशात टाकली. “आणि मी बाकीच्या पोरींना हिचं उदाहरण देत होतो.”

आईनं खांद्यावरची पिशवी उतरवून खाली ठेवली. धंद्याची पिशवी ती कधी जमिनीवर टेकवत नसे. “शिवत्यात म्हंजे काय करत्यात?”

“भोकाला ठिगळ लावतात. ती वाट रुंद करतात.”

“आन् मग समद्या रिबिनी येत्याल?”

“येतील.”

आई चिंचेकडे वळली आणि ओरडली, “धुरपे, बस बाई तुझ्या जाग्यावर!” धुरपा पळत आली आणि बसली. तेव्हा कुठे आईनं सरांना विचारलं, “कधी जायाचं मुंबईला?”

मुंबईची सगळी खटपट मामानं केली. आम्ही निघालो त्या दिवशी धुरपा स्टँडवर आली होती. तिला रडताना कुणी बघितलं नव्हतं आणि तेव्हाही ती रडली नाही. एसटीच्या खिडकीतून माझी वेणी ओढली आणि म्हणाली, “लौकर ये. तोवर तुझ्या चौकोनात जी बसंल तिचं काय खरं न्हाई.”

ऑपरेशनचं मी काय सांगणार? मी झोपले होते. माझं काळीज त्यांनी थांबवलं, आणि तेवढा वेळ माझं रक्त एका यंत्रातून फिरलं, हे मला नंतर कळलं. छातीवर गळ्यापासून खाली उभी शिवण आली. मग मामाकडे विश्रांती, औषधं, पुन्हा तपासणी, असे चार-पाच महिने निघून गेले. एक दिवस मामीच्या आरशात बघितलं तर ओठ गुलाबी. मी कितीदा तरी बघून आले. ते मला एकाच माणसाला दाखवायचे होते. मुंबईत माणसांना तोटा नव्हता, पण ते माणूस तिथं नव्हतं. दुपारी सगळे झोपले की मी मनातल्या मनात मैदान आखायची, सगळ्यांना बसवायची, शेजारी धुरपाला बसवायची, आणि मला खो मिळाला की तिला ओलांडून पुढे पळायची. पहिल्यांदा ती चिडायची. मग हसायची.

आम्ही गावात उतरलो तेव्हा लाउडस्पीकर चालू होता. “कुणाचं लगीन?” आईनं पानवाल्याला विचारलं.

“जाधवाच्या धुरपीचं. हळद हाय की आज.”

तिचा आजा अंथरुणाला खिळला होता आणि त्याला डोळे मिटायच्या आत नातजावई बघायचा होता. अथणीकडचं स्थळ आलं, मुलाकडच्यांना घाई होती. एवढं सगळं मला त्या पानवाल्याकडून समजलं. नववीचं वर्ष तिनं निम्म्यातच सोडलं होतं. आज मी पन्नाशी ओलांडली, पण ‘हळद हाय की आज’ हे शब्द मला अजून त्या पानवाल्याच्याच आवाजात ऐकू येतात.

आम्ही हातपाय धुतोय तोवर आईला बोलावणं आलं. हळद लावताना नवरीच्या चुड्यातली एक बांगडी वाढवली होती, आणि चुडा अपुरा ठेवून चालत नाही. मीही मागोमाग गेले.

धुरपा पाटावर बसली होती. तोंड, मान, हात, पाय, सगळं पिवळं. दोन डोळे तेवढे तिचे वाटत होते. आईनं तिच्या हातात बांगडी चढवली, कानशिलावर बोटं मोडली, आणि मग बायकांनी आईला मुंबईची हकिकत ऐकायला आत स्वयंपाकघरात ओढून नेलं. सोप्यात आम्ही दोघीच उरलो.

“ओठ दाव,” धुरपा म्हणाली.

मी तोंड पुढे केलं. तिनं हनुवटी धरून इकडून तिकडून बघितलं.

“आगं बया, माणसागत झाले की!”

“लगीन करतीस आन् कळवलंबी न्हाईस.”

“मला तरी कुणी इचारलं?” ती म्हणाली. थोडा वेळ तिनं नखं कुरतडली. “सरांनी माझ्या बाला लई समजावलं. मैदानावर चल म्हणाले. बा काय तुझ्या आईसारखा न्हाई. गेलाच न्हाई.”



“धाप लागतीय अजून?” तिनं विचारलं.

“कुणास ठावं. पळून कुठं बघितलंय?”

“का गं? डॉक्टर नगं म्हणाले?”

“डॉक्टर म्हणाले पळ. पर मुंबईत खो कोण देणार?”

धुरपानं आतल्या दाराकडे बघितलं. आत आईचा आवाज चढला होता. ती बहुतेक यंत्राच्या गोष्टीपर्यंत पोचली होती. धुरपा पाटावरून उठली, माझा हात धरला आणि मला बाहेरच्या दाराशी घेऊन गेली. तिथं ती थांबली. त्यांच्याकडे हळद लागली की नवरीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

“म्या आतच ऱ्हाते,” ती म्हणाली. “तू भाईर पायरीवर बस.”

“हितं?”

“बस म्हणते ना! येड्यागत बघतीस काय?”

मी पायरीवर उकिडवी बसले, तिच्याकडे पाठ करून. समोर गल्ली सरळ शाळेपर्यंत गेली होती आणि गल्लीच्या टोकाला मैदान दिसत होतं. माझ्यामागे दाराच्या आत ती उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. खो काही मिळेना.

“यमे.”

“काय?”

“मधी कुणाला देऊ नगंस.”

हे मी तिला कधीही सांगितलेलं नव्हतं.

“खो!” ती ओरडली आणि माझ्या पाठीवर असा पंजा हाणला की मी पायरीवरून उडालेच.

मी पळाले. मांडवाचे बांबू, पत्रावळींचा भारा, कुणाची तरी शेळी, सगळं बाजूला सारत पळाले. “आगं कासारणीच्या पोरी, मरशील!” असं कुणीतरी ओरडलं. मी शाळेचं फाटक ओलांडलं, पश्चिमेच्या खांबाला हात लावला आणि पाटीच्या कडेनं सुटले. छातीत धडधड होत होती, पण ती भीतीची नव्हती. आत दारं उघडत होती आणि मिटत होती, आणि पुढे गेलेलं काही मागे येत नव्हतं. एरवी मी जिथे धुरपाला खो द्यायची ती जागा आली. मी ओलांडली. पुढचं मैदान मला पायांनी ठाऊकच नव्हतं. तिथली माती जरा भुसभुशीत होती. मी पूर्वेचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि उभी राहिले. डोळ्यांपुढे अंधारी नाही, गुडघे लटपटत नाहीत. मी मोठ्यानं हसले. त्या वयात मला वाटलं, जगात आता मागायला काही उरलं नाही.

मग सवयीनं मी वळले आणि खो द्यायला कोण बसलंय ते बघितलं. पाटीवर कुणीच नव्हतं. चौकोनांवरचा चुना पुसट झाला होता.

परत आले तेव्हा जाधवांच्या दारात बायकांची ही गर्दी झाली होती. देवक बसवत होते. धुरपाला माजघरात नेलं होतं आणि आत मुंगीलाही वाट नव्हती. मी टाचा उंचावून बघितलं. तिच्या मुंडावळीचं टोक दिसलं, तेवढंच. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या आणि संध्याकाळी ती अथणीला गेली.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मी मांडवाबाहेर उभी होते, आणि आई मला शोधत बाहेर आली. तिनं मला धरून वळवलं.

“पोलक्याला काय लागलंय गं हे? पंजा कुणाचा?”

“धुरपानं खो दिला.”

“आन् तू पळालीस?”

“खांबापातुर.”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती तिथंच खाली बसली, मला पुढ्यात ओढलं आणि माझ्या पाठीला कान लावला, त्या ओल्या हळदीवरच. गल्लीतली माणसं बघत होती. तिला त्याचं काही नव्हतं. बराच वेळ ती ऐकत राहिली. मग तिनं मला फिरवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिचा कान आणि अर्धा गाल पिवळा झाला होता.

“चालतंय की नीट,” ती म्हणाली. “मग रडतीस कशाला?”

“धाप लागलीय,” मी म्हणाले.

धाप लागली नव्हती.